समजुती खऱ्या झालेल्या देशात

संगणकावरचा खेळ म्हटला की डोळ्यांसमोर येतात भरधाव मोटारी नाहीतर गोळीबार. इतिहासाच्या शिक्षकाने थांबून पाहावे असे त्यात सहसा काही नसते. पण १९९२ साली अमेरिकेतल्या मायक्रोप्रोज कंपनीने काढलेला ‘डार्कलँड्स’ हा खेळ त्याला अपवाद आहे. तो पुन्हा एकदा खेळून पाहताना त्याचे गुण नव्याने जाणवले, आणि पूर्वी लक्षात न आलेली एक गफलतही दिसली. ती गफलत पुराव्याविषयीची आहे. म्हणून विज्ञान शिकवणाऱ्यांनाही हा विषय जवळचा वाटेल.

खेळाचे रचनाकार आर्नल्ड हेंड्रिक. ते मूळचे पटावरच्या खेळांच्या क्षेत्रातले. ‘डार्कलँड्स’साठी त्यांनी काळ निवडला पंधराव्या शतकाचा आणि प्रदेश निवडला पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे आजचे जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया आणि आसपासचा मुलूख. नावाला साम्राज्य, पण प्रत्यक्षात शेकडो लहानमोठी राज्ये. कुठे सरदाराची सत्ता, कुठे बिशपची, तर न्युर्नबर्गसारखी काही शहरे फक्त सम्राटाला मानणारी. सम्राट कोण व्हायचा हे १३५६ च्या फर्मानानुसार सात निर्वाचक ठरवत. खेळाच्या नकाशावर ही शहरे खरीखुरी आहेत. खिशातली नाणीही त्या काळची आहेत : फ्लोरिन, ग्रोशेन आणि फेनिग.

ध्येय नसलेला खेळ

आपण चार माणसे तयार करायची आणि त्यांना घेऊन या मुलखात हिंडायचे, एवढाच खेळ. सुरुवातीला कोणतेही ध्येय सांगितलेले नसते. कोणी व्यापाऱ्याची कामे करावीत, कोणी रस्त्यावर लुटालूट करणाऱ्या सरदाराचा बंदोबस्त करावा, कोणी मठात राहून अभ्यास करावा.

माणूस तयार करण्याची पद्धत मात्र विचार करायला लावते. आधी त्याचा जन्म कोणत्या घरात झाला ते ठरवायचे : सरदाराच्या, शहरातल्या धनिकाच्या, कारागिराच्या की गरिबाच्या. मग पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी त्याचे आयुष्य पुढे न्यायचे. पाच वर्षे शिपाई, पाच वर्षे फेरीवाला, पाच वर्षे मठातला भिक्षू. प्रत्येक टप्प्यात काही कौशल्ये वाढतात, पण वयही वाढते आणि चाळिशीकडे झुकताना अंगातली ताकद कमी होऊ लागते. शिवाय कोणता व्यवसाय कोणाला खुला आहे हे बरेचसे जन्मावर ठरते. मध्ययुगीन समाजरचनेवर पानभर मजकूर वाचून जे मनात उतरत नाही, ते इथे दहा मिनिटांत उतरते.

वेळही आपल्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. ती मोजली जाते मठातल्या प्रार्थनांच्या प्रहरांनी. हे प्रहर सूर्याशी बांधलेले असल्यामुळे उन्हाळ्यात लांबत आणि हिवाळ्यात आखडत. यांत्रिक घड्याळे त्या काळी शहरांत येऊ लागली होती. प्रागचे प्रसिद्ध खगोलीय घड्याळ १४१० चे आहे. पण सामान्य माणसाचा दिवस घंटेच्या आवाजावरच चाले.

खेळ प्रथम बाजारात आला तेव्हा त्यात असंख्य चुका होत्या. तो मध्येच बंद पडे. दुरुस्त्या निघाल्या, तरी त्याचा पुढचा भाग कधी निघाला नाही. असे असूनही तो विसरला गेला नाही. २०२२ साली आलेल्या, सोळाव्या शतकातल्या बव्हेरियात घडणाऱ्या ‘पेंटिमेंट’ या खेळाचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी ‘डार्कलँड्स’चे ऋण मान्य केले आहे.

खाणीतले भूत आणि मूलद्रव्य

या खेळाची मूळ कल्पना अशी : त्या काळच्या लोकांना जग जसे आहे असे वाटत होते, तसेच ते खरोखर असते तर? म्हणून इथे संतांची प्रार्थना केली की मदत मिळते. शंभराहून अधिक संत आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे. किमयागाराची औषधे गुण देतात. त्याचा परीस जितका उत्तम, तितकी कृती साधण्याची शक्यता जास्त. कृती फसली तर भांडे अंगावर फुटते. रानात ड्रॅगन भेटतो आणि खाणीत ‘कोबोल्ड’ नावाची भुते.

या कोबोल्डांपाशी जरा थांबू या. जर्मन खाणकामगारांना काही खनिजे चांदीसारखी किंवा तांब्यासारखी दिसत. ती भट्टीत घातली की हवा तो धातू मिळत नसे, उलट विषारी धूर निघे. आज आपल्याला कारण ठाऊक आहे : त्या खनिजांत आर्सेनिक होते. कामगारांनी मात्र निष्कर्ष काढला की खाणीतल्या भुताने चांदी पळवून तिच्या जागी हे निरुपयोगी दगड ठेवले. पुढे, १७३५ च्या सुमारास, स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांट यांनी अशाच खनिजातून एक नवा धातू वेगळा केला. त्याचे नाव कोबाल्ट, म्हणजे तो कोबोल्डच! १७५१ साली क्रोनस्टेट यांना मिळालेल्या निकेलचे नावही अशाच एका खट्याळ भुतावरून आले आहे. आवर्त सारणीतली सत्तावीस आणि अठ्ठावीस क्रमांकाची घरे शिकवताना ही गोष्ट जरूर सांगावी.

यातून मुलांना एक महत्त्वाचे कळते. जुन्या काळची माणसे मूर्ख नव्हती. धूर खरा होता, खोकला खरा होता, चांदी न मिळणेही खरे होते. निरीक्षण बरोबर होते, स्पष्टीकरण चुकले होते. खेळ आपल्याला त्या चुकीच्या स्पष्टीकरणाच्या आत नेऊन उभे करतो. इतिहास शिकवण्याची ही उत्तम रीत आहे. गफलत होते ती यापुढे.

चेटकिणींचा मेळा

खेळात बराच काळ हिंडल्यावर एक मोठी कथा हळूहळू उलगडते. एखादे गाव वरवर शांत दिसते, पण तिथले लोक चोरून सैतानाची पूजा करत असतात. चेटकिणींचे रात्रीचे मेळे भरतात. आपण माग काढत जायचे, ते मेळे उधळायचे आणि शेवटी टेम्प्लर या धर्मयोद्ध्यांच्या गढीत शिरून ‘बाफोमेट’ नावाच्या राक्षसाशी लढायचे. खेळाच्या नियमाप्रमाणे हे सगळे खरे असते. आपण ज्यांच्यावर तलवार उपसतो ते खरोखरच दोषी असतात.

आता इतिहासाकडे वळू. टेम्प्लर हा धर्मयुद्धांच्या काळातला श्रीमंत संघ. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याच्यावर त्यांचे कर्ज होते. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्याने राज्यातल्या टेम्प्लरांना एकदम पकडले. मूर्तिपूजेसारखे आरोप ठेवून त्यांचा छळ केला आणि कबुलीजबाब मिळवले. ‘बाफोमेट’ हे नाव याच चौकशीत येते. ज्यांनी कबुली मागे घेतली त्यांपैकी चोपन्न जणांना १३१० साली पॅरिसजवळ जिवंत जाळले. संघ १३१२ मध्ये बरखास्त झाला आणि त्याचा प्रमुख जाक द मोले यालाही १३१४ मध्ये जाळण्यात आले.

इथे विज्ञानाच्या शिक्षकाने कान टवकारावेत, कारण इतिहासाने जणू एक तुलनात्मक प्रयोगच करून ठेवला आहे. आरोप सगळीकडे तेच होते. फ्रान्समध्ये छळ झाला आणि कबुल्यांचा ढीग जमला. इंग्लंडमध्ये सुरुवातीला छळ झाला नाही, तेव्हा जवळजवळ कोणीच काही कबूल केले नाही. जर्मन मुलखात माइंझच्या धर्मसभेने तर त्यांना निर्दोष ठरवले. म्हणजे कबुली अपराधावर अवलंबून नव्हती, छळावर अवलंबून होती.

चेटकिणींच्या मेळ्याची हकिकतही बहुतांशी अशाच जबाबांतून तयार झाली. मेळ्यात आणखी कोण होते, असा प्रश्न छळताना विचारला जाई. वेदनेने माणूस शेजाऱ्यांची नावे घेई, मग त्यांना पकडले जाई. एका खटल्यातून दहा खटले निघत. साधारण १४५० ते १७५० या काळात युरोपात अशा खटल्यांत सुमारे चाळीस ते साठ हजार माणसांना देहदंड झाला असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुतांश स्त्रिया होत्या, आणि जवळपास निम्मे बळी याच पवित्र रोमन साम्राज्यातले होते.

‘त्या काळचे लोक’ म्हणजे कोण?

यावर कोणी म्हणेल, की खेळाने तर आधीच सांगितले आहे. त्या काळच्या समजुती इथे खऱ्या मानल्या आहेत, मग तक्रार कसली?

तक्रार अशी की त्या काळीही सगळ्यांची समजूत एक नव्हती. दहाव्या शतकापासून चर्चच्याच कायद्यात एक जुना नियम होता : रात्री आकाशातून उडत गेल्याचे ज्या स्त्रिया सांगतात, त्यांना तो भास झालेला असतो. १४८५ साली हाइन्रिख क्रेमर या धर्मचौकशी अधिकाऱ्याने इन्सब्रुकमध्ये काही स्त्रियांवर चेटकाचा खटला भरला. तिथल्या बिशपने पाठवलेल्या प्रतिनिधीने चौकशीतल्या चुकांवर बोट ठेवले, स्त्रिया सुटल्या आणि बिशपने क्रेमरला गाव सोडायला सांगितले. क्रेमरने नंतर चेटकिणी कशा शोधाव्यात यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तोच पुढे गाजला. बिशपचे शहाणपण मात्र दप्तरात पडून राहिले.

खटल्यांचा कहर झाला तो सोळाव्या-सतराव्या शतकांत. तेव्हाही विरोध करणारे होते. फ्रीड्रिख श्पे हे जेझुइट धर्मगुरू. १६३१ साली त्यांनी नाव न घालता एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला युक्तिवाद आजच्या तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे. आरोपी बाई वाईट वागत असेल तर तो पुरावा. चांगली वागत असेल तर ते ढोंग, म्हणजे तोही पुरावा. ती घाबरली तर गुन्हेगार, न घाबरली तर सैतान पाठीशी आहे म्हणून गुन्हेगार. छळात कबूल झाली तर प्रश्नच मिटला. नाही झाली तर सैतानानेच तिला बळ दिले.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही अशी चाचणी आहे, जी कोणत्याही नमुन्यावर केली तरी उत्तर ‘हो’च येते. आम्ल असो, अल्क असो वा साधे पाणी, लिटमस नेहमी लालच झाला, तर तो लाल रंग आपल्याला काय सांगतो? काहीच नाही.

‘डार्कलँड्स’ने नेमका हा प्रश्नच पुसून टाकला आहे. खेळात चेटकीण खरी असल्यामुळे चाचणी खरी आहे की खोटी, हे तपासण्याची वेळच येत नाही. कोबोल्ड खरा मानल्याने फार तर एका खनिजाविषयी गैरसमज होतो. चेटकीण खरी मानली की तिला जाळणाराच नायक ठरतो. दोन्ही समजुती सारख्याच जुन्या असतील, पण त्यांची किंमत सारखी नव्हती, आणि ती कोणी मोजली हे विसरून चालणार नाही.

म्हणून हा खेळ मुलांना दाखवू नये असे मुळीच नाही. दाखवावा, आणि शेवटच्या गढीपाशी थांबून विचारावे : हे लोक दोषी आहेत हे तुम्हाला कसे कळले? ‘खेळाने सांगितले’ हे प्रामाणिक उत्तर येईल. मग विचारावे : खऱ्या गावात तसे सांगणारा कोण असतो, आणि त्याला कोणी सांगितले?

हा प्रश्न दूरच्या जर्मनीपुरता नाही. कोणाला भुताळी ठरवून मारहाण करण्याचे प्रकार आपल्याकडेही घडले आहेत, आणि महाराष्ट्राला २०१३ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. कायदा गुन्हा घडल्यावर येतो. ‘हे तुला कसे कळले?’ असे विचारण्याची सवय मात्र वर्गात आधीच लावता येते.