एका सापाचा उतारा दुसऱ्याला चालतो का?

अमरावती-अकोल्याच्या कपाशीच्या रानातली घोणस आपल्या परिचयाची आहे. विदर्भात तिला परडही म्हणतात. मेळघाटच्या डोंगरात तिचा एक हिरवा भाऊबंद राहतो, तो चापडा. दोघांचे कूळ एकच. मात्र चापड्याच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता जाणणारा खळगा असतो, घोणशीला तो नसतो. मग घोणशीच्या विषावरचा उतारा चापड्याच्या दंशावर चालेल काय?

या प्रश्नाची सुरुवात १८९५ च्या सुमारास झाली. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी घोड्याला नागाचे विष वाढत्या मात्रेत टोचून त्याच्या रक्तापासून प्रतिविष मिळवले. ते सर्व सापांवर चालेल अशी त्यांची समजूत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज लॅम व विल्यम हॅना यांनी मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) ते तपासले. नागाच्या विषावर ते चालले, घोणशीच्या विषावर चालले नाही.

नाग आणि घोणस तर वेगळ्या कुळांतले. पण त्याच सुमारास ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी जराराका व खुळखुळ्या साप यांच्या विषांची तुलना केली. दोघेही खळग्याचे साप, तरीही एकाचे प्रतिविष दुसऱ्यावर निरुपयोगी ठरले! प्रतिविषातील प्रतिपिंडे विषातील ठरावीक प्रथिनांनाच चिकटतात, आणि ही प्रथिने जवळच्या नातलगांतही वेगळी असू शकतात.

भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांपासून बनते. त्यात खळग्याचा एकही साप नाही. केरळातील अशाच एका सापाच्या दंशाच्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या रुग्णांना हे प्रतिविष उपयोगी पडले नाही. थायलंडमध्ये तिथल्या हिरव्या चापड्यासाठी स्वतंत्र प्रतिविष तयार होते.

आपल्या चापड्याच्या दंशाने बहुधा सूज व तीव्र वेदना होतात; मृत्यू क्वचितच. म्हणून दवाखाना टाळावा असे मात्र नव्हे. अंधारात चावलेला साप चापडा होता की घोणस, हे कोण सांगणार? डॉक्टर काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे ठेवून ते गोठते का हे पाहतात, लक्षणे तपासतात आणि मग उपचार ठरवतात. साप शोधण्यात वेळ घालवू नये, ही गोष्ट मुलांना वर्गातच सांगायला हवी.