दिल्लीचे ‘रिगल’ : एका चित्रपटगृहाचा उदय आणि अस्त

नवी दिल्लीतील कॅनॉट प्लेस परिसरात १९३२ साली सुरू झालेले ‘रिगल’ हे तेथील पहिले चित्रपटगृह होय. बांधकाम ठेकेदार सर सोभा सिंग यांनी ते उभारले. वास्तुविशारद होते वॉल्टर साइक्स जॉर्ज. प्रारंभीच्या काळात येथे चित्रपटांबरोबर नाटके व नृत्यनाट्येही सादर होत. स्वातंत्र्योत्तर काळात हिंदी चित्रपटांनी, विशेषतः राज कपूर यांच्या चित्रपटांनी, ‘रिगल’ला लोकप्रियता मिळवून दिली.

डिसेंबर १९९८ मध्ये ‘फायर’ या चित्रपटाच्या विरोधात येथे तोडफोड झाली. मात्र खरे आव्हान आर्थिक होते. १९९७ साली साकेत येथे देशातील पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले होते. अनेक लहान पडद्यांवर वेगवेगळे चित्रपट दाखवून मल्टिप्लेक्स आपली जोखीम विभागते. एकपडदा चित्रपटगृहाला मात्र एकाच चित्रपटावर संपूर्ण सभागृह भरावे लागते. शेजारची ‘प्लाझा’ व ‘रिव्होली’ मल्टिप्लेक्स साखळीत सामील होऊन टिकली. ‘रिगल’ एकपडदाच राहिले.

‘फिल्लौरी’ हा येथे प्रदर्शित झालेला अखेरचा नवा चित्रपट ठरला. ३० मार्च २०१७ रोजी ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘संगम’ यांच्या खेळांनी पडदा कायमचा खाली आला. त्याच वर्षअखेरीस या इमारतीत मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय सुरू झाले. वास्तू टिकली, परंतु माफक दरात एकाच छताखाली चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकांची हक्काची जागा नाहीशी झाली.