बाष्पीभवनाची सुप्त उष्णता : शोध आणि जालना परिसर

तापमान न बदलता द्रवाच्या एकक वस्तुमानाचे वायूत रूपांतर होण्यास लागणारी उष्णता. १ ग्रॅ. पाणी ०° से. पासून १००° से. पर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात. पण १००° से.ला त्याची वाफ करण्यास आणखी सु. ५४० कॅलरी लागतात.

ही उष्णता तापमापकावर दिसत नाही, त्यामुळे ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. उकळी फुटल्यावर थोड्याशा अधिक उष्णतेने सर्व पाण्याची वाफ होईल, अशी समजूत होती. ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांनी १७६२ मध्ये स्थिर आचेवर पाणी ठेवून केवळ वेळ मोजला : उकळी येण्यास ४ मिनिटे, सर्व पाणी आटण्यास आणखी २० मिनिटे. त्यावरून येणारे मूल्य आजच्या एककांत दर ग्रॅ.ला सु. ४५० कॅलरी आहे. घड्याळ व चूल एवढ्याच सामग्रीवर काढलेले हे मूल्य आश्चर्यकारकच म्हटले पाहिजे. ‘सुप्त’ ही संज्ञा मात्र काहीशी फसवी आहे. ही उष्णता निजलेली नसते. रेणूंना परस्परांच्या आकर्षणातून सोडविण्यात ती खर्च होते व वाफेचे पुन्हा पाणी होताना परत मिळते. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉट यांना थोड्याशा वाफेने पुष्कळ पाणी कसे उकळते, याचे कारण ब्लॅक यांच्याकडून समजले. वॉट यांना वेगळ्या संघनकाची कल्पना १७६५ मध्ये सुचली.

जालन्यास आगगाडी आली ती हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेच्या मनमाड-सिकंदराबाद या मीटरमापी मार्गाने, १९००च्या सुमारास. अशा एंजिनांना सामान्यतः संघनक नसे. वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर जाई आणि तिच्यातील सुप्त उष्णताही वाया जाई. १ किग्रॅ. कोळशामागे ६ ते ८ किग्रॅ. पाणी असे कायमचे उडून जाई. अवर्षणप्रवण मुलखात हा खर्च लहान नव्हता.

सूर्य हेच काम धुराविना करतो. जालन्याच्या पाण्यासाठी जमशेदखानाने बांधविलेल्या मोती तलावासारख्या जलाशयाच्या १ हेक्टर पृष्ठभागावरून १ मिमी. पाणी उडण्यास सु. ५८ लक्ष किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ १ टन चांगल्या कोळशाची उष्णता लागते. उन्हाळ्यात मराठवाड्यातील तलावांची पातळी बाष्पीभवनाने रोज कित्येक मिमी. उतरते.

घरोघरच्या रांजणात तीच उष्णता उपकारक ठरते. पाझरलेले १ ग्रॅ. पाणी उडताना आतील सु. ५८ ग्रॅ. पाणी १०° से.ने निववू शकते. प्रत्यक्षात भोवतालची उष्णता आत शिरत असल्याने लाभ कमी होतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर तो फारसा उरत नाही.