कचरा आलाय कार्बोरेटरमध्ये

छोट्या होडीच्या पाठीमागे अडकवलेले आउटबोर्ड इंजिन भर पाण्यात बंद पडले की पहिला संशय स्पार्क प्लगवर जातो आणि दुसरा कार्बोरेटरवर. इंजिन जुने असेल तर बहुधा दुसराच खरा ठरतो. मेकॅनिक चार स्क्रू सोडवतो, आत डोकावतो आणि म्हणतो, ‘कचरा आलाय.’ या साध्या निदानामागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. ज्या यंत्राने एकट्या वल्हेकऱ्याच्या हाती इंजिन दिले, ते त्याला स्वतःच उघडता येत होते, ही त्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. ते हवेत मिसळावे लागते, आणि तेही ठराविक प्रमाणात. पेट्रोल फार झाले तर इंजिन गुदमरते, हवा फार झाली तर खोकते. हे प्रमाण सांभाळणारा डबा म्हणजे कार्बोरेटर. सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये इंधनाच्या पृष्ठभागावरून नुसती हवा फिरवत आणि जेवढी वाफ मिळेल तेवढ्यावर भागवत. कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत तसाच होता. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याची मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला घेऊन गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बेर्थाबाईंनी टोपीला लावायची पिन काढली आणि नळी मोकळी केली. इंधनमार्गातला कचरा वाटेत काढण्याच्या नोंदवलेल्या प्रसंगांतला हा अगदी सुरुवातीचा, आणि तो काढला एका गृहिणीने.

पुढे १८९३ हे वर्ष महत्त्वाचे. हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी फवारा उडवणारा कार्बोरेटर पुढे आणला. अरुंद गल्लीत शिरलेला वारा वेग घेतो, हा आपला रोजचा अनुभव. वेग वाढला की तिथला दाब घटतो. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी यांनी नळी अरुंद केल्यावर प्रवाहाचे काय होते, याविषयी १७९७ मध्येच लिहून ठेवले होते. कार्बोरेटरमध्ये अशीच एक अरुंद गल्ली असते. तिच्यात पितळेचे बारीक नोझल उघडते, त्याला जेट म्हणतात. दाब घटला की जेटमधून पेट्रोल आपोआप ओढले जाते आणि त्याचा फवारा उडतो. खालच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखायला एक फ्लोट असतो. पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखेच त्याचे काम. वाटी भरली की तो वर येतो आणि सुई दार बंद करते.

आता होडीकडे येऊ. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने १९०५ च्या सुमारास होडीला बाहेरून लावायचे इंजिन चालवून दाखवले. पण ते घरोघरी नेले ओले एव्हिनरूड याने. तो जन्माने नॉर्वेचा, लहानपणीच अमेरिकेत आलेला. बेस नावाच्या मैत्रिणीला आइस्क्रीम हवे होते म्हणून उन्हात तळे वल्हवत जाऊन आला आणि परतेपर्यंत आइस्क्रीम वितळले, तेव्हा त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा किती खरी ते सोडून देऊ, पण १९०९ मध्ये मिलवॉकीत त्याने इंजिने विकायला सुरुवात केली हे पक्के. दीड अश्वशक्ती आणि वजन सुमारे २८ किलो. धंद्याची बाजू बेसने सांभाळली. तोवर ती त्याची पत्नी झाली होती.

इंग्लंडमध्ये १९३१ पासून ‘सीगल’ आले. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या नौदलासाठी अशी सुमारे १०,००० इंजिने बनली, आणि युद्धानंतर ती छोट्या होड्यांवर सर्रास दिसू लागली. दिसायला अगदी ओबडधोबड. वर पितळेची टाकी, चाकाला दोरी गुंडाळून ओढायची. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरणार. कार्बोरेटर मोटारसायकलच्याच घराण्यातला. एक स्क्रूड्रायव्हर आणि दोन पाने असली की सगळे उघडते. म्हणूनच अशी इंजिने पन्नास-साठ वर्षांनीही सुरू करता येतात.

पण उघडायचे कसे, यालाही एक रीत आहे. इंजिन मिनिटभर चालून बंद पडते, चोक लावला की चालते आणि सोडला की पुन्हा मरते, ही तुंबलेल्या जेटची खूण. आधी टाकीचा कॉक बंद करायचा. वाटीतले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून पाहायचे. तळाशी थेंब वेगळे दिसले तर पाणी शिरले आहे. भिंतीला तपकिरी चिकट थर असेल तर पेट्रोल पडून राहून विटले आहे. खाऱ्या पाण्याने गंजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी पूडही दिसते. जेट सॉल्व्हंटमध्ये बुडवायचे आणि हवा मारून मोकळे करायचे. त्यात पोलादी तार खुपसायची नाही. पितळ मऊ असते, भोक केसभर मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. पितळी फ्लोट कानाशी हलवायचा. आत काही डचमळले तर तो फुटलेला आहे.

जुन्या अमेरिकी इंजिनांत फ्लोट बुचाच्या लाकडाचे असत आणि त्यांवर लाखेचा लेप देत. जगातली बरीचशी लाख त्या काळी आपल्याच देशातून जाई. ही लाख पेट्रोलमध्ये टिकते, अल्कोहोलमध्ये विरघळते. भारतातल्या पेट्रोलमध्ये २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच, आणि ते हवेतला ओलावाही शोषते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत महिनोन् महिने पडून राहणाऱ्या इंजिनाला याचा अर्थ नीट कळतो. जुना फ्लोट, जुने रबर, जुने गॅस्केट आता तपासून बदलावे लागते.

आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात वल्ह्यांच्या होड्यांना मोठ्या संख्येने आउटबोर्ड लागली. ती पेट्रोलवर सुरू करायची आणि मग केरोसीनवर चालवायची. केरोसीन स्वस्त, पण काजळी जास्त. त्यामुळे साफसफाई हा कोळ्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला. कोकणातल्या खाडीतही लहान होडीवाल्याला ही विद्या परकी नाही. बंदरापासून चार मैलांवर, ओहोटीचा ओढ असताना इंजिन थांबले तर कंपनीचे सर्व्हिस सेंटर उपयोगाचे नसते. तिथे आपले आपल्यालाच उघडावे लागते.

या जुन्या यंत्रांचे नुसते गोडवे गाऊन मात्र चालणार नाही. साध्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमधून सुमारे पाव भाग इंधन न जळताच पाण्यात आणि हवेत जाते. जे पाणी मासळी देते त्याच पाण्यात. म्हणून अमेरिकेने १९९६ मध्ये कडक नियम केले आणि पुढच्या दशकात ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. युरोपनेही तसेच केले. सीगलचे उत्पादन १९९६ मध्येच थांबले. एव्हिनरूड हे नावही २०२० मध्ये बंद झाले. नव्या इंजिनांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच्या जागी संगणकावर चालणारे इंजेक्शन आले. ती कमी पितात, कमी सांडतात. हा बदल व्हायलाच हवा होता.

फक्त त्या बदलात एक गोष्ट मागे राहिली. नवे इंजिन बिघडले की होडीवाला यंत्राकडे पाहत बसतो आणि लॅपटॉप घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहतो. दुरुस्तीचे ज्ञान हातातून गेले की मालकीही थोडी कमी होते. कायदे करणाऱ्यांनी धुराचा विचार केला तसा स्क्रूड्रायव्हर धरणाऱ्या हाताचाही करायला हवा. सुटे भाग मिळावेत, माहिती मिळावी आणि यंत्र उघडता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

ज्यांच्याकडे जुने इंजिन अजून आहे त्यांच्यासाठी जाता जाता एकच सांगतो. पावसाळ्यापूर्वी होडी वर काढाल तेव्हा टाकीचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर दोरी ओढाल तेव्हा निम्मा त्रास वाचलेला असेल.