जोसा चॉइस फिलिंग: पसंतीक्रम कसा लावायचा?

आयआयटी आणि एनआयटीचं सीट वाटप 2015 पासून ‘जोसा’मार्फत एकत्र होतं. त्यावर मला हमखास विचारला जाणारा प्रश्न: "रँक बरीच मागे आहे, तरी आवडीची ब्रँच वर टाकू का?"

माझं उत्तर: बिनधास्त टाका. सिस्टीम तुमची यादी वरून खाली तपासते. वरची सीट नाही मिळाली, तरी खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. उलट ‘मिळेल ते’ वर टाकलं आणि मिळालं, की त्याखालचे सगळे पर्याय बाद!

होम स्टेट कोटा: एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना असतात. पण इथे डोमिसाईल नाही, बारावी कुठून केली ते बघतात. बारावी तेलंगणातून केली, तर नागपूरच्या व्हीएनआयटीत तुम्ही बाहेरचे. आयआयटीत हा कोटा नाही.

सीट मिळाल्यावर:
- फ्रीज: हीच सीट पक्की.
- स्लाइड: त्याच कॉलेजात यादीतली वरची ब्रँच चालेल.
- फ्लोट: यादीतलं वरचं काहीही चालेल.

लक्षात ठेवा, अपग्रेड झालं की जुनी सीट गेली. म्हणून जिथे जायचंच नाही, ते कॉलेज यादीत टाकूच नका.