सुकाणूवाल्याची वही

गोदी कामगाराला इंग्रजीत ‘डॉकर’ म्हणतात. 2013 साली संगणकाच्या आज्ञावल्या पेटीबंद करणारे साधन निघाले, त्याचेही नाव डॉकर! पेट्या हजारोंनी वाढल्यावर कोणती कुठल्या यंत्रावर चढवायची हे सांगणारा मुकादम हवा. गूगलने 2014 साली तो सर्वांस खुला केला. त्याचे नाव कुबरनेटीस, म्हणजे ग्रीक भाषेत सुकाणू धरणारा.

कृत्रिम बुद्धीच्या शिक्षणाकरिता ओपनएआय संस्थेने यंत्रांचा ताफा त्याच्या हाताखाली दिला. 500 यंत्रांपलीकडे मुकादमाचे उत्तरच वेळेवर येईना. मुकादम वाढवून पाहिले, दुखणे हटेना. दोष निघाला हिशेबाच्या वहीत. एटसीडी नावाची ती वही दूरच्या साठवणीत होती. एक नोंद पुरी झाल्याखेरीज ती बहुधा दुसरी घेत नसे, आणि दर नोंदीस सुमारे 2 मिलिसेकंद जात. साठवणीची जेमतेम 10 टक्के ताकद कामी येई! वही यंत्राच्या पोटात आणली तेव्हा गाडे हलले.

1000 यंत्रांपुढे पुन्हा खोळंबा. ह्या खेपेस गुन्हेगार निघाले देखरेखवाले! प्रत्येक यंत्रावरचे पहारेकरी मुकादमाला सारखे विचारीत बसले होते. त्यांचे विचारणे कमी केले. (आम्हांला कारखान्यात एवढ्यासाठी संप करावा लागे.) 2018 साली ताफा 2500 यंत्रांवर गेला, 2021 साली 7500 वर.