मोसम-गिरणेच्या काठी

एकदा वर्गात मी मुलांना सहज विचारले, "आपल्या मोसमचे पाणी शेवटी जाते कुठे?" पहिल्या बाकावरून उत्तर आले, "गिरणेत." बरे, गिरणेचे? "जळगावकडे." आणि तिथून पुढे? वर्ग गप्प. एका मुलाने चाचरत गोदावरीचे नाव घेतले. आपला जिल्हा नाशिक, तेव्हा पाणी गोदावरीलाच मिळणार, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकला खरा, पण त्यात विचार होता. मला वाईट वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. याच वर्गाने आदल्या आठवड्यात नाईल नदीची लांबी मला बिनचूक सांगितली होती.

तेव्हा आज आपण मालेगावापासूनच सुरुवात करू. पर्वत, पाणलोट, खिंड, पर्जन्यछाया, अक्षांश हे पुस्तकातले जड शब्द आपल्या वेशीबाहेर उभे आहेत. आणि नुसते उभे नाहीत, त्यांनी इथला इतिहास घडवला आहे.

मोसम उगम पावते साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांत. मुल्हेर, जायखेडा, नामपूर करीत ती मालेगावास येते. गिरणा निघते कळवण तालुक्यातल्या सह्याद्रीच्या रांगेतून. सटाण्याची आरम तिला वाटेत मिळते आणि मालेगावाजवळ मोसम येऊन मिळते. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या तालुक्यांना आपण 'कसमादे' म्हणतो. तो सारा प्रदेश म्हणजे या नद्यांची ओंजळच आहे.

आता एक नवल पाहा. गिरणेच्या उगमापासून पश्चिमेचा समुद्र जेमतेम शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला चालू लागते. कारण सह्याद्रीचा कडा पश्चिमेला ताठ आणि दख्खनचे पठार पूर्वेला कललेले. पाण्याला नकाशा कळत नाही, उतार कळतो. पुढे जळगाव जिल्ह्यात गिरणा उत्तरेकडे वळते, तापीला मिळते. आणि तापी तिला घेऊन परत पश्चिमेला, सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्रात नेते. जवळचा समुद्र सोडून एवढा मोठा वळसा!

आणि गोदावरी? तीही याच सह्याद्रीतली, त्र्यंबकेश्वरची. मग गिरणा तिला का मिळत नाही? मध्ये आडवी पडली आहे चांदवडची रांग. तिलाच सातमाळा म्हणतात. सप्तशृंगी, धोडप, चांदवड, अंकाई-टंकाई ही सारी तिचीच नावे. वणीकडून देवीच्या दर्शनाला गड चढणारा यात्रेकरू ज्या डोंगरावर उभा राहतो, त्याच्या दक्षिण अंगाला पडलेला पाऊस कादवेतून गोदावरीला जातो, पैठणच्या जायकवाडीत साठतो, आणि उरलेला आंध्रातून बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तर अंगाला पडलेला पाऊस गिरणेतून मालेगावावरून तापीला जातो. घराच्या आढ्यावर पडलेले पाणी दोन पाख्यांवरून दोन अंगणांत उतरते, तसेच हे. या आढ्याला भूगोलात जलविभाजक म्हणतात. शब्द जड आहे, पण घराचे आढे दाखवले की पोराला तो पुन्हा सांगावा लागत नाही.

डोंगराची रांग पाणी अडवते, तशी माणसांनाही अडवते. म्हणून रांगेत जिथे खाच असेल तिथून वाट जाते. तिला आपल्याकडे बारी म्हणतात. 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज सुरतेची दुसरी लूट घेऊन बागलाणातून परत येत होते. त्यांना दक्षिणेत उतरायचे तर ही रांग ओलांडणे भाग होते. दाऊदखान कुरेशीची मोगल फौज आडवी आली आणि कांचनबारीच्या अलीकडे-पलीकडे, वणी-दिंडोरीच्या मुलखात, मोठी लढाई झाली. ती महाराजांनी जिंकली. लढाई नेमकी त्याच मुलखात का, याचे अर्धे उत्तर डोंगराच्या घडणीत आहे. जाणाऱ्याला बारीवाचून वाट नाही, आणि अडवणाऱ्याला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. पुढे मुंबई-आग्रा रस्ता झाला, तोही चांदवडच्या पुढे राहुड घाटातूनच उत्तरेला उतरला आणि मालेगावावरून धुळ्याकडे गेला. रेल्वेने मात्र मनमाड-नांदगावची वाट धरली.

आता पायाखालचा दगड. विहीर खणणाऱ्याला जे ठाऊक असते ते पुष्कळ वेळा पुस्तकात नीट सांगितलेले नसते. वर काळी माती, खाली मुरूम, मग कधी पोकळ्यांचा मऊसर मांजऱ्या, कधी लाल गेरूचा थर, आणि मग पहारीला दाद न देणारा काळा कातळ. हे थर आले कुठून? साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबलांब भेगा पडल्या आणि तापलेला शिलारस बाहेर येऊन पसरला. तो थंड झाला, त्यावर काही काळाने दुसरा पूर आला. असे थरावर थर साचले. दोन पुरांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग हवेपाण्याने कुजला, तोच पुष्कळ ठिकाणी लाल थर. शिलारसातले वायुबुडबुडे राहिले त्या पोकळ्या, आणि त्यांत पुढे स्फटिक धरले त्या नाशिककडच्या प्रसिद्ध गारगोट्या. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट दिसतात, ते या थरांमुळेच. साल्हेर 1567 मीटर उंच आहे, महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच. मालेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 438 मीटर. मधला जो फरक आहे, त्यातला मोठा भाग पाण्याने कोरून नेला आहे. कातळाचा मुरूम, मुरमाची माती, मातीचा गाळ, हा कारखाना अजून चालूच आहे.

या काळ्या दगडातूनच मालेगावचा किल्ला उभा राहिला. पूर्वी इथे माळीवाडी नावाची लहानशी वस्ती होती. पेशव्यांचे सरदार नारो शंकर राजेबहाद्दर यांनी 1740 च्या सुमारास मोसमच्या डाव्या तीरावर, गिरणेच्या संगमाच्या थोडे वर, किल्ला बांधायला घेतला. नाशिकच्या रामकुंडाजवळचे नारोशंकराचे देऊळ ज्यांचे, तेच हे. बांधकाम पंचवीस वर्षे चालले असे सांगतात. सुरतेहून आणि उत्तर हिंदुस्थानातून कारागीर आले, ते इथेच राहिले. मालेगावच्या वस्तीची मिसळण तेव्हापासूनची आहे. 1857 च्या उठावानंतर आणि त्याच्या मागोमागच्या दुष्काळात उत्तरेतून विणकर आले, त्यांनी हातमाग आणले, आणि पुढे त्यांचे यंत्रमाग झाले.

हा किल्ला डोंगरावर नाही, भुईकोट आहे. म्हणजे कड्याचा आधार नाही. मग आधार कशाचा? एका बाजूला नदी, इतर बाजूंना खंदक. जागा नीट पाहून निवडलेली होती. 1818 साली तिची परीक्षा झाली. लेफ्टनंट कर्नल मॅक्डोवेलची इंग्रज फौज मे महिन्याच्या मध्यावर मालेगावास येऊन ठेपली. आत काही शे अरब शिपाई होते. 29 मे रोजी इंग्रजांनी भिंतीला पाडलेल्या खिंडारातून चढाई केली, ती साफ फसली. 3 जूनला दुसरे बाजीराव पेशवे असीरगडाजवळ इंग्रजांच्या स्वाधीन झाले, राज्य गेले; तरी मालेगावचे अरब झुंजतच होते. 11 जूनला तोफगोळ्याने आतल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, तट कोसळला, आणि दोन-तीन दिवसांत किल्ला पडला. तोवर इंग्रजांकडची मेलेली आणि जखमी माणसे दोनशेवर गेली होती.

दिवस कोणते होते तेही लक्षात घ्या. मालेगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेवीस अंशांवर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत मे महिन्याच्या 22-23 तारखेला बरोबर आपल्या डोक्यावर येतो. म्हणजे वेढा ऐन रंगात असताना दुपारी सावली पायाखाली जात होती. मोसम उतरलेली, पात्रात वाळू. वेढा घालणाऱ्याला ती सोय, पण पाऊस सुरू झाला की नदी आत असलेल्यांच्या बाजूने लढायला उतरणार. जूनच्या मध्याच्या आत काम उरकण्याची घाई का असावी, हे मालेगावच्या माणसाला सांगायला नको. किल्ल्याच्या आत आज शाळा भरते. तिथल्या मुलांना हा धडा मैदानातच शिकता येईल.

सावलीचा हा प्रयोग कुठल्याही शाळेला करता येतो. अंगणात सरळ काठी रोवा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा घड्याळ पाहा. बारा वाजलेले नसतील, साडेबाराच्या आसपास असतील. घड्याळ बिघडलेले नाही. आपले भारतीय वेळेचे घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले, आणि मालेगाव साडेचौऱ्याहत्तरवर. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटे, म्हणजे बत्तीस मिनिटे. सूर्याच्या चालीमुळे वर्षभरात त्यात थोडे कमीजास्त होते. मे सुटीचा असतो ही अडचण आहे, पण 20-21 जुलैच्या सुमारास सूर्य परतताना पुन्हा डोक्यावर येतो. तेव्हा ढगांनी सवड दिली तर!

ढग मात्र आपल्याकडे सवड फार देतात, हेच तर दुखणे. इगतपुरीला वर्षात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत मालेगाव, आणि इथे पाऊस पाचशेच्या आसपास. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीवर चढतो, वर गार होतो, आणि पाण्याचे ओझे तिथेच टाकतो. पलीकडे उतरताना तो पुन्हा तापतो आणि कोरडा होतो. डोंगराच्या आडोशाचा हा मुलूख म्हणजे पर्जन्यछाया. 'छाया' शब्दाने कुणाला गारवा वाटेल, पण मालेगावचा उन्हाळा ज्याने काढला त्याला तसे वाटणार नाही.

पण यातच एक तोड आहे, आणि आपल्या पूर्वजांनी ती ओळखली. पाऊस इथे पडत नसला तरी उगमाकडच्या डोंगरात बरा पडतो, आणि नद्या तो आपल्या दारावरून नेतात. मोसम, आरम आणि धुळ्याकडची पांझरा या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीच्या पात्रात जिथे कातळ वर आलेला असेल, तिथे दगडचुन्याचा ठेंगणा बंधारा घालायचा. पाया आयता मिळतो आणि पुरात बंधारा वाहून जात नाही. बंधाऱ्यावरून काठाकाठाने पाट काढायचा. नदीचा उतार जास्त, पाटाचा उतार कमी ठेवायचा. म्हणजे थोड्या अंतरावर पाट नदीपेक्षा उंच होतो आणि मधली जमीन आपोआप भिजते. मोट नाही, इंजिन नाही. उताराचे इतके सुबक गणित करणारा तो कोण होता, त्याचे नाव कुठे लिहिलेले नाही.

खरी करामत पुढेच आहे. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड पाडायचे. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात दुसरे, आणि वर्षावर्षाला फेरपालट. पुष्कळ शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचे ठरले, तर एकाच माणसाची सगळी शेती बुडत नसे. सगळ्यांचा थोडाथोडा तोटा होई. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना मोबदला बहुधा धान्यातून. पाटाचा गाळ काढायचा तर सगळ्यांनी मिळून. भांडणे होत नसत असे मी म्हणणार नाही. पाण्याच्या काठी भांडणे व्हायचीच. पण भांडण कुठे मिटवायचे ती जागा ठरलेली होती.

विहिरी आणि पंप वाढले, नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, आणि पुष्कळ फड मोडले. गिरणेवर कळवण तालुक्यात चणकापूरचे धरण 1911 साली झाले, मोसमवर पुढे हरणबारी झाले. मालेगावच्या खाली, नांदगाव तालुक्यात, 1969 चे गिरणा धरण. त्याचा मोठा लाभ जळगाव जिल्ह्याला. आता फड नाही, आवर्तन आहे. डाळिंब, कांदा, शहराचे पिण्याचे पाणी, खालच्या जिल्ह्याचे कालवे, सगळ्यांचे डोळे एकाच नदीकडे. उन्हाळ्यात वरून आवर्तन सुटले की पाणी कोरड्या पात्रातून उतरत येते. आधी वाळू पिते, मग काठच्या मोटारी पितात, आणि शेवटच्या गावाला किती पोचेल ते पोचल्यावरच कळते.

त्या मुलाने पुढच्या आठवड्यात मला वहीचे पान आणून दाखवले. मोसम, गिरणा, तापी, सुरत, समुद्र अशी निळी रेघ त्याने काढली होती, आणि सातमाळ्याच्या जागी घराचे आढे. सुरतेपाशी त्याने एक प्रश्नही लिहिला होता: किल्ला बांधायला कारागीर जिथून आले, तिथेच आपले पाणी जाते का, गुरुजी?

मी म्हटले, वाटेत कुणी अडवले नाही तर जाते.